उसाच्या कडेचं अंगण

दौंड तालुक्यातल्या राहू बेटात अलीकडे बांधलेला कुठलाही बंगला घ्या. लोखंडी फाटक, फाटकापासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक, चारचाकीच्या मापाचा पोर्च, कोपऱ्यात दोन बॉटल पाम आणि लॉनचा एक तुकडा. खर्चाला कुठे हात आखडलेला नसतो. एवढं करून एप्रिलच्या संध्याकाळी घरची माणसं बसतात कुठे, तर मागच्या जुन्या घरासमोर, कडुनिंबाखाली बाज टाकून.

घराबाहेरची बैठक हा सध्या आर्किटेक्टकडे हटकून निघणारा विषय आहे. पर्गोला, लाकडी डेक, दगडी कट्टा, झोपाळा, बाहेरचं स्वयंपाकघर. हे सगळं ओटा-पडवीच्या रूपात आपल्याकडे होतंच, असं म्हणून मोकळं होता येतं. पण पडवी गारवा का देत होती, हे पाहिलं तर नव्या घरालाही तिचा उपयोग होईल.

दौंड तालुक्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे इतका कलतो, की भर दुपारीही ऊन साधारण 48 अंशांनी तिरपं पडतं. म्हणून दक्षिणेला आठ फूट उंचीचं छप्पर आणि सात फूट रुंदीची पडवी ठेवली, तर थंडीत दुपारचं ऊन थेट भिंतीच्या पायथ्यापर्यंत येतं आणि मेमध्ये उंबऱ्याकडे फिरकत नाही. पश्चिमेचं मात्र वेगळं. मावळतीचं ऊन कुठल्याही छपराखालून आत शिरतं. तिथे झाडच हवं, आणि पामची सावली माणसाला पुरत नाही. नुसत्या पट्ट्यांचा पर्गोलाही दुपारी अंगावर उन्हाच्या रेघा ओढण्यापलीकडे फार काही करत नाही. त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा, मग तो मांडव होतो.

जमिनीची गोष्ट पेव्हरवाल्याला विचारू नये. सिमेंटवर घट्ट बसवलेले ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. शिवाय हजार चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे 2,350 लिटर पाणी जमा होतं. ते मुरायला जागा नसली की फाटकाबाहेर वाहून जातं, आणि आपण बोअर आणखी खोल न्यायचा विचार करतो. गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे फरसबंद करावेत, बाकी मुरूम चोपून घ्यावा किंवा गवत उगवेल असे जाळीचे ब्लॉक बसवावेत. लॉनची हौस असेल तर ती छोटी ठेवा. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी ती सहज पिते.

मोकळ्या जागेचा विचार करताना आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचं नाव टाळता येत नाही. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला त्यांनी 1980च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक जेमतेम आठ मीटर लांब-रुंद. आपल्या हवेत उघड्या आकाशाखालची जागा हीही राहण्याचीच खोली, हा त्यांचा आग्रह. पुढे तिथल्या बऱ्याच मालकांनी मूळ घरं पाडून मोठी बांधली. घराच्या मापापुढे चौकाची किंमत कमी ठरते, ही खोड फक्त राहूची नाही.

राहूचे दोन प्रश्न मात्र बेलापूरला नव्हते. हे बेट भीमा आणि मुळा-मुठेच्या मध्ये. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी माजते आणि दिवेलागणीला डासांचे थवे उठतात. त्यामुळे इथे पडवीला बारीक जाळी लावणं हा दिखाऊपणा नव्हे, त्याशिवाय बाहेर बसताच येत नाही. झोपाळा टांगण्याआधी जाळीच्या चौकटीचं माप घ्यावं.

दुसरा प्रश्न बिबट्या. ऊस भिंतीला येऊन भिडलेला असतो आणि तो बारा महिने कुठे ना कुठे उभाच असतो. पाच-सहा फुटी कंपाउंड बिबट्याला अडवत नाही. तो उडीत पार करतो. उपयोग होतो तो मोकळ्या पट्ट्याचा. घर आणि उसाच्या मध्ये काही गुंठे जागा साफ ठेवली, तर त्याला दबा धरायला आडोसा उरत नाही. मासिकातल्या फोटोसारखी कमरेएवढी शोभेची झुडपं बैठकीलगत लावणं इथे धोक्याचंच. वाकून किंवा खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखं दिसतं. म्हणून भांडी घासायची मोरी आणि बाहेरची चूल अंगणाच्या टोकाला न नेता घराच्या भिंतीला, दिव्याखाली घ्यावी. कुत्रं रात्री बाहेर बांधू नये; त्याच्याच वासाने बिबट्या ओट्यापर्यंत येतो. हालचाल झाली की पेटणारे सौर दिवे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. त्यांचं तोंड उसाकडे ठेवावं, बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर नको. वीज गेली तरी ते चालतात, आणि बेटात ती कधी जाईल याचा नेम नसतो.