तोरणमाळचा तलाव आणि आपले सुट्टीचे पंचांग

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो, शाळा बंद असतात आणि घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. पैसा आणि रजा हाताशी असेल तो काश्मीर-नैनिताल गाठतो. दोनच दिवस मोकळे मिळणारा सातपुड्यातल्या तोरणमाळकडे वळतो, कारण डोंगरमाथ्यावरचा तलाव खानदेशी माणसाला याहून जवळ दुसरीकडे नाही. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तोरणमाळ धुळे जिल्ह्यातच होते. ठिकाण निवडण्यात काहीच चूक नाही, महिना मात्र चुकतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की दोन दिवसांची ही सहल आखताना आधी तलावाचे पाणी कुठून येते ते पाहावे आणि मग कॅलेंडर उघडावे.

उन्हाळ्यात पहाडी तलाव पाहायला जायचे ही रीत हिमालयाकडून आली आणि तिथे ती बरोबरच आहे. स्पितीतला चंद्रताल किंवा काश्मीरमधला गंगाबल यांसारखी सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगटांत साठलेली आहेत. हिवाळाभर ती गोठलेली असतात, वाटा बर्फाखाली असतात, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळले की त्यांना पाणी येते व माणसांना रस्ता मिळतो. आल्प्समध्येही उंचावरच्या तळ्यांचा हंगाम याच कारणाने उन्हाळ्यात येतो. सातपुड्यात हिमनद्या कधी नव्हत्या. हा काळ्या बेसाल्टचा डोंगर, आणि तोरणमाळचे पठार सुमारे १,१५० मीटर उंचीवर. तिथला यशवंत तलाव आणि जवळचा कमळ तलाव भरतात ते जून ते सप्टेंबरच्या पावसाने. ऑक्टोबरात ते काठोकाठ असतात, त्यानंतर पाणी उतरतच जाते. हिमालयातल्या तळ्याचा हंगाम ज्या महिन्यात सुरू होतो, त्याच महिन्यात आपल्या तळ्याचा तळ दिसायला लागतो. भोवतालच्या जंगलाचीही तीच कथा. सातपुड्यातला साग पानगळीचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा डोंगर लाल दिसतो खरा, पण मेपर्यंत उतार उघडेबोडके झालेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माणूस गारव्यासाठी जातो, तलाव दुय्यम. या गारव्याचा हिशेब करून पाहू. दर हजार मीटर चढाला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर, धुळे त्याहून थोडे वर, म्हणजे तोरणमाळशी फरक नऊशे मीटरच्या आसपास पडतो आणि दुपारच्या उन्हात मिळतो सहा अंशांचा दिलासा. खाली चव्वेचाळीस असेल तर वर अडतीस. हे कमी नाही, रात्री तर वर छान वाटते, पण अडतीस अंशांत दुपारी सीताखाईच्या कड्यावर उभे राहवत नाही. उलट थंडीत हीच उंची खरी फळाला येते. सातपुड्याच्या माथ्यावर, डाब-वालंबा या गावांत आणि तोरणमाळलाही, डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. खानदेशाच्या कुठल्याही शहरापासून एका दिवसाच्या अंतरावर गवताच्या पात्यावर पांढरे हिव पाहायला मिळावे, हे मला मेमधल्या सहा अंशांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. मे महिन्याचा एक मान मात्र राखलाच पाहिजे. धडगावच्या बाजूला त्या दिवसांत घरांपुढे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात, कडेने काळपट होऊ लागलेल्या, आणि आमचूर बनवणाऱ्या पावरा-भिल बायका उन्हातच त्या परततात. ते पाहायला जायचे असेल तर जरूर मेमध्ये जावे, फक्त तलाव तेव्हा भरलेला दिसेल ही अपेक्षा ठेवू नये.

दुसरा आक्षेप असा, की वर पाहण्यासारखे फार नाही, सकाळी जाऊन रात्री परतता येते. धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा आणि मग म्हसावद, राणीपूर, काळापाणीवरून घाट, असे साधारण दीडशे किलोमीटर पडतात. जळगावकराने धुळ्याचा वळसा घेऊ नये. तापी ओलांडून चोपडा गाठावे, तिथून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने शिरपूरमार्गे थेट शहाद्याला नेतो. तरी अंतर दोनशेच्या वर जातेच, आणि शेवटचा घाट वळणावळणाचा. जातायेता दहा-अकरा तास गाडीत गेल्यावर हाती दुपारचे दोन-तीन तास उरतात, म्हणजे दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ. सात पायरी, खडकी पॉइंट, मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरखनाथांचे मंदिर ही नावे पुरी करण्याच्या धावपळीत तलावाच्या काठी बसायला वेळच राहत नाही. म्हणून रात्र वरच काढावी. खोल्या मोजक्या आहेत, त्या आधी पक्क्या कराव्यात. डिझेल-पेट्रोल शहाद्यात भरून घ्यावे. घाट उजेडात चढावा. सोयी कमी म्हणून जे नाके मुरडतात त्यांना महाबळेश्वर मोकळे आहे, पण तिथला वेण्णा तलाव गर्दीने कसा वेढलेला असतो, तेही त्यांनी आठवावे.

मग शाळेची सुट्टी? दिवाळीची सुट्टी तलाव भरलेला असतानाच येते, आणि कोजागरी शनिवार-रविवारला लागून आली तर रजेचाही प्रश्न नाही. महाशिवरात्रीला गोरखनाथांची यात्रा भरते, मध्य प्रदेश-गुजरातेतून लोक डोंगर चढून येतात. यात्रेसाठी जाणाऱ्याने तेव्हा जावे, निवांतपणा हवा असणाऱ्याने तो आठवडा सोडावा. राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये तोरणमाळ सर्वांत हिरवे असते हे मान्य, पण धुक्यात दरी दिसत नाही आणि घाटात दरडीची भीती असते. पाणी कोसळताना पाहायचे असेल तर त्या दिवसांत जळगावकरांनी यावल तालुक्यातल्या मनुदेवीच्या धबधब्याला जावे, धुळेकरांनी चाळीसगावजवळ पाटणादेवीला. दोन्ही ठिकाणांहून संध्याकाळी घरी परतता येते, आणि तोरणमाळसाठी ऑक्टोबरची रजा शिल्लक राहते.