मिनिटाला साठ श्वास

तान्ह्या बाळाचा श्वास मोजणं ऐकायला सोपं वाटतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, एका आरोग्यदूत बाईंना ते करताना पाहिलं आणि त्यातली मेख कळली. बाळ रडत होतं, म्हणून त्या नुसत्या बसून राहिल्या. रडतानाचा आकडा खरा नसतो. दूध पिऊन ते निवल्यावर त्यांनी अंगावरचं दुपटं थोडं खाली सारलं आणि पोटाच्या वर-खाली होण्यावर नजर रोखली. मोजायचं ते पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच घाई करतो, मध्येच रेंगाळतो. ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचं. तरीही तितकेच आले, तर धोका. आजी दारात उभी होती. तिलाही त्यांनी वाकून बघायला लावलं.

६० हा निकष वैद्यकशास्त्राला ठाऊक होता. अडचण होती ती तो सुईणीच्या हाती देण्याची, कारण अनेकींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेत त्यावर एक साधी पाटी तयार झाली. तिच्यावर मण्यांच्या ओळी आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू. या पाटीला मी मोठं संशोधन मानतो. रोगाचं ज्ञान आधीच होतं. ते निरक्षर बाईच्या बोटांत उतरवणं कुणाला सुचलं नव्हतं.

पुढचं काम नवजात बाळांचं. १९९३पासून आधी नुसती नोंद केली: कोण जन्मलं, कोण गेलं, कशानं गेलं. मग १९९५मध्ये ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी सेवा सुरू झाली. रडणं क्षीण होणं, चोखणं मंदावणं, हातपाय लुळे पडणं, अंग गार लागणं अशा खुणांवरून जंतुसंसर्ग ओळखायचा आणि घरच्यांची संमती असेल तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. तुलनेसाठी शेजारची ४७ गावं होती. सेवेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचा दर ६२वरून तिसऱ्या वर्षी २५.५वर आला, शेजारच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले.

शोधनिबंध छापून आला की बहुतेक संशोधन तिथंच थांबतं. इथं त्यानंतर बारा वर्षं पाठपुरावा चालला आणि २०११मध्ये केंद्र सरकारनं घरोघरी नवजात बाळाची सेवा गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तींकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट. घरी झालं असेल, तर पहिल्या दिवशीही. झोळीत घालून ताणकाट्यावर वजन, काखेत तापमापी, नाळेची पाहणी, आईला विचारपूस. गडचिरोलीतल्या प्रयोगाचा एक मोठा भाग मात्र वाटेत गळाला: गावातल्या बाईनं इंजेक्शन देणं. ज्या गावातून पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, तिथं ‘दवाखान्यात न्या’ या सल्ल्याचा उपयोग किती? हा भाग सोडायला नको होता, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. योजना आली तेव्हा या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. तोही शेवटी, बाळाचं वजन नोंदलेलं, जन्म नोंदवलेला, लसी टोचलेल्या आणि ४२व्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप असतील तरच. म्हणजे जिनं एखाद्या अशक्त बाळासाठी सगळ्यात जास्त खेपा घातल्या आणि तरीही ते हाती लागलं नाही, तिच्या त्या खेपांना नियमात मोबदलाच नव्हता.