अम्मुगुड्याचा बलराम, कोलकात्याचा बलरामदा

१ सप्टेंबर १९६०. रोम ऑलिंपिकमधला भारताचा शेवटचा गटसामना, समोर पेरूचा संघ. भारत तीन गोलांनी मागे, खेळ संपायला जेमतेम दोन-तीन मिनिटं. सामना केव्हाच हातचा गेलेला. तरी तुलसीदास बलराम धावला आणि त्याने गोल केला. आपण ३-१ असे हरलो. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला आजतागायत पात्र ठरलेला नाही. म्हणजे ऑलिंपिकमधला भारताचा शेवटचा गोल आजही बलरामच्याच नावावर आहे. हे लक्षात आलं तेव्हापासून या माणसाने मला झपाटलं आहे. त्याच्यापायी मी कोलकात्याच्या मैदानावर भटकलो, सिकंदराबादच्या बाजारात हिंडलो, जुन्या प्रेक्षकांचं डोकं खाल्लं.

बलरामचा जन्म ४ ऑक्टोबर १९३६ चा, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला. घर तमिळ, पैशाची कायम चणचण. चेंडू लाथाडून पोट भरतं यावर त्या काळी कोणत्या गरीब आईचा विश्वास बसणार? पोराला मात्र दुसरं काही सुचतच नव्हतं. अनवाणी खेळून खेळून त्याला बुटांची हाव सुटली. त्याने आईकडे दोन रुपये मागितले. तिने कुरकुरत का होईना, दिले. त्रिमुलघेरीच्या लाल बाजारात एका मोच्याने पोलिसांच्या टाकून दिलेल्या बुटांतून त्याला फुटबॉलचे बूट करून दिले. भारताच्या फुटबॉलमधला माझा सर्वांत आवडता सौदा हाच.

या बुटांपाशी मी जरा रेंगाळणार आहे. त्या काळचा फुटबॉलचा बूट घोट्यापर्यंत चढायचा, पुढचं टोक दगडासारखं टणक. तळाला चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या असत, तेच स्टड. कोलकात्यात मैदानाच्या कडेला बूट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला हे सगळं हातात देऊन दाखवलं. त्याने बूट लोखंडी पायावर उलटा चढवला, जुनी चकती पकडीने उपटली, तळाची झीज दाखवली. चिखलपाण्यात चामडं फुगतं, मग सुकून आकसतं, चकती झिजते आणि खिळ्याचं टोक आतून तळपायात घुसतं. खेळाडू आत पुठ्ठा घालत, हाफटाइमला खिळे आत ठोकून घेत आणि पुन्हा मैदानात उतरत. हे नव्या कोऱ्या बुटांचं झालं. पोलिसांचा जाडजूड बूट पोराच्या पायात कसा बसला असेल, याचा विचार मी आजही करतो.

पुन्हा काळ कोणता? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी १-२ असे हरले. त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी घालवल्या. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं, तेव्हा कुठे बूट सक्तीचे झाले. ज्या गोष्टीसाठी देशाला हेलसिंकीपर्यंत जाऊन मार खावा लागला, ती अम्मुगुड्यातल्या एका पोराने दोन रुपयांत उरकली होती.

गरिबी खेळाडू घडवते, असं आपण फार सहज लिहितो. मला ते मुळीच पटत नाही. गरिबीने अम्मुगुड्यात आणखी कितीतरी पोरं घरी बसवली असतील. बलराम घडला तो ऐन वेळी कुणीतरी खिशात हात घातला म्हणून. आधी आई, मग सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब म्हणजे हैदराबादचे शिक्षक आणि भारताचे प्रशिक्षक. माझ्या मते या देशाला लाभलेला सर्वांत मोठा फुटबॉल गुरू. एका स्थानिक सामन्यात त्यांनी या पोराला हेरलं आणि हैदराबादला सरावाला बोलावलं. अम्मुगुड्याहून रोज यायचं तर भाड्याला पैसे कुठले? रहीमसाहेबांनी सायकल भाड्याने घेण्यापुरते पैसे आपल्या खिशातून दिले. पोरगा सायकल हाणत यायचा, सरावात घाम गाळायचा आणि पुन्हा सायकल हाणत घरी जायचा. रहीमसाहेब अशा स्पर्धा भरवत की त्यात ड्रिबलिंगला मनाई, कधी फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा. एका स्पर्शात पास, दोन्ही पाय सारखे चालणारे, चेंडूशी लाडीगोडी नाही, हे बलरामच्या खेळात आलं ते या शाळेतून. १९५६ मध्ये हैदराबादने संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुंबईला हरवलं, त्या संघात बलराम होता. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिक. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि भारत चौथा आला.

बलरामचा पुढचा मुक्काम कोलकाता, म्हणून आता तिथली थोडी पार्श्वभूमी द्यायलाच हवी. मोहन बागान १८८९ चा, मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा, कलकत्ता लीग १८९८ पासूनची. १९११ मध्ये बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. १९२० मध्ये ईस्ट बंगाल क्लब निघाला आणि फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी तो उराशी धरला. बाकी इतिहास कोलकात्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर फुकट मिळतो.

१९५७ मध्ये विशीतला बलराम ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला. दक्षिणेचे खेळाडू या क्लबला नवे नव्हते. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या पाच फॉरवर्डना कोलकाता ‘पंचपांडव’ म्हणत असे. त्यांचा दबदबा ओसरला होता आणि गॅलरीला नवा नायक हवा होता. लीग ऐन पावसाळ्यात. चामड्याचा, वादी आवळलेला चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा आणि मैदानाचा राडा व्हायचा. १९६१ मध्ये बलराम कप्तान झाला, ईस्ट बंगालने नऊ वर्षांनी लीग जिंकली आणि लीगमधले सर्वाधिक गोलही त्याचेच होते. पुढच्या वर्षी ईस्ट बंगालने आंध्र पोलिसांबरोबर रोव्हर्स कप विभागून घेतला. मुंबईत कूपरेजवर त्याला पाहिलेले माझे गिरगावातले मामा शेवटपर्यंत त्याच्या डाव्या पायाची तारीफ करत. हा खेळाडू मुळात उजव्या पायाचा आहे की डाव्या, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही.

परत रोमकडे जातो, कारण माझं मन तिथेच अडकलेलं असतं. २६ ऑगस्ट १९६० ला लाक्विलामध्ये पहिला सामना हंगेरीशी झाला. त्यांच्याकडे फ्लोरियान आल्बेर्ट होता, अजून एकोणीस पूर्ण न झालेला. पुढे १९६७ मध्ये तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आल्बेर्टच्या गोलने हंगेरी २-० अशी पुढे गेली. ७९ व्या मिनिटाला बलरामने एक गोल फेडला. हंगेरी २-१ अशी कशीबशी निसटली आणि शेवटी कांस्यपदक घेऊन घरी गेली. फ्रान्सशी आपण १-१ अशी बरोबरी साधली, तो गोल पी. के. बॅनर्जींचा. मग पेरू. बलरामचे दोन्ही गोल शेवटच्या अकरा मिनिटांतले आहेत, इकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. आपल्याकडचे देशांतर्गत सामने तेव्हा नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. शेवटच्या टप्प्यात आपल्या खेळाडूंचे पाय जड पडत, ही रहीमसाहेबांची कायमची काळजी. बलरामचे पाय जड पडत नव्हते. भाड्याच्या त्या सायकलीने त्याच्या पायांत काय भरलं होतं, ते इटलीत दिसलं, असं मला ठामपणे वाटतं.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चुनी गोस्वामी, पी. के. आणि बलराम हे त्रिकूट ऐन भरात होतं. थायलंड आणि जपान या दोघांवर बलरामने एकेक गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून आपण सुवर्णपदक घेतलं, तेही शेरेबाजी करणाऱ्या प्रचंड गर्दीसमोर, डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नेल सिंगला फॉरवर्ड खेळवून. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार बलरामला मिळाला.

आणि १९६३ मध्ये सगळं थांबलं. तो ईस्ट बंगाल सोडून बीएनआर या रेल्वेच्या संघात गेला होता. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली, प्लूरिसी. डॉक्टरांनी खेळायला मनाई केली. वय सत्तावीसही नव्हतं. त्याच वर्षी ११ जूनला रहीमसाहेब कर्करोगाने गेले. आजच्या खेळाडूभोवती डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ यांचा ताफा असतो. त्या वेळी भर पावसात हंगाम काढणाऱ्या या मुलांच्या छातीत काय चाललंय, हे तपासायची पद्धत कुठे होती? या एका गोष्टीचा मला राग येतो आणि तो कमी होत नाही.

बलराम अविवाहित राहिले, बंगालमध्येच राहिले. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात त्यांचं घर होतं. चुनींना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली, पी. के. यांना १९९० मध्ये. बलरामना ती कधीच मिळाली नाही आणि ही सल त्यांनी लपवली नाही. पी. के. आणि चुनी २०२० मध्ये महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने गेले, बलराम १६ फेब्रुवारी २०२३ ला. रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट त्यानंतर वर्षभराने पडद्यावर आला.

बलराम गेल्यावर मी हावड्याहून लोकलने उत्तरपाड्याला गेलो. स्टेशनबाहेर मातीच्या भांड्यातून चहा घेता घेता सहज ‘बलरामदा’ म्हटलं मात्र, बाकावरचे दोन म्हातारे एकदम माझ्याकडे वळले. एक ईस्ट बंगालचा, दुसरा बागानचा. बलरामदा लेफ्ट-आउटला जास्त चांगले की लेफ्ट-इनला, यावर दोघांची जुंपली. ईस्ट बंगालवाल्याने बाकावर चहाचे ठिपके टाकून पाच फॉरवर्ड मांडले, बागानवाल्याने बोटाने त्यातला एक पुसून आत सरकवला. माझी परतीची गाडी सुटली तरी त्यांचा निकाल लागला नव्हता, आणि चहावाल्याने तोवर तिसरं मत देऊन टाकलं होतं: सेंटर-फॉरवर्ड.