चार प्रतिमा, चार आलेख

महाश्वाचा चौकोन कार्तिकात नाशिकच्या माथ्याजवळ येतो. त्याच्या नैऋत्येचा ‘आइन्स्टाइन क्रॉस’ मात्र माझ्या हौशी दुर्बिणीच्या कुवतीबाहेरचा. मग उरतं टेबलावरचं काम. चिलीतल्या लास कॅम्पानासच्या १.३ मीटर दुर्बिणीतून ‘ओगल’ प्रकल्पाने १९९७पासून घेतलेल्या त्याच्या नोंदी कुणालाही उतरवून घेता येतात. नुसते आकड्यांचे रकाने: ज्युलियन दिनांक, दृश्य प्रत, त्रुटी. आलेख काढताना उभा अक्ष उलटा करायचा, कारण प्रत जितकी लहान तितकं तेज जास्त. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास रेघ तुटते. तेव्हा सूर्य त्याच बाजूला असतो.

क्रॉसमध्ये क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं झळाळतं केंद्र, एकच; प्रतिमा चार. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश चार वाटांनी वळून येतो. क्वेसार स्वतःच कमी-जास्त झाला तर चारही आलेख जवळपास एकदम हलतात, कारण इथे वाटांमधला फरक फार तर दिवसा-दोन दिवसांचा. (१९७९मध्ये सापडलेल्या जोडक्वेसारात तो ४१७ दिवसांचा, तिथे हेच काम डोकेदुखीचं.) पण १९९९मध्ये ‘सी’ नावाची प्रतिमा झपाट्याने चढते, उतरते, आणि बाकीच्या काही तिच्यासोबत जात नाहीत.

हे मायक्रोलेन्सिंग. दीर्घिकेतल्या सुट्या ताऱ्यांमुळे क्वेसारच्या पातळीवर तेजाची जाळी पडते, रामकुंडाच्या पायऱ्यांवर हलत्या पाण्यातून उन्हाची पडते तशी. जाळीचा धागा क्वेसारवरून सरकला की प्रतिमा उजळते. क्वेसारच्या कृष्णविवराभोवतीची झळाळती तबकडी लहान असेल तर चढ उभा, मोठी असेल तर पसरट. निळ्या प्रकाशात तो अधिक तीव्र, कारण आतला तापलेला भाग निळा आणि आटोपशीर. अडचण वेगाची: जाळी किती भरभर सरकते हे नेमकं ठाऊक नसतं. म्हणून संगणकावर ढिगाने कृत्रिम जाळ्या पाडून आलेखाशी जुळणाऱ्या निवडाव्या लागतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शशिकुमार चित्रे यांनी सुब्रमणियन आणि नरसिंह यांच्यासह १९८५मध्येच गणित मांडलं होतं, की दीर्घिकेतल्या लहान वस्तुमानांमुळे प्रतिमेचं तेज बदलेल, ती दिसेनाशीही होईल. क्रॉसमधला असा बदल १९८९मध्ये जाहीर झाला.

अशा मोजणीतून अनेक क्वेसारांच्या तबकड्या १९७३च्या शाकुरा-सुन्याएव सिद्धांताच्या अंदाजापेक्षा दोन-तीन पटींनी मोठ्या निघाल्या आहेत. चूक मापाची की सिद्धांताची, हा वाद चालूच आहे. माझा संशय सिद्धांतावर, कारण जवळच्या एनजीसी ५५४८ दीर्घिकेत अगदी निराळ्या पद्धतीने, प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं मापही असंच मोठं आलं.