जोडकामामागचे कोरकाम

वेल्डिंगचा इतिहास म्हटला की जोडण्याचीच कथा सांगितली जाते. पण फसलेला जोड काढायचा कसा, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. कार्बन आर्क गॉजिंगने त्याचे उत्तर दिले, त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली.

मुळात वेल्डिंगचा आर्कही कार्बनचाच होता. निकोलाय बेनार्दोस यांनी १८८१च्या सुमारास कार्बनच्या कांडीने आर्क पेटवून धातू जोडून दाखवला. त्याच आर्कने धातू वितळवून काढताही येई, पण वितळलेला रस आपल्या वजनाने खाली गळेल तिथेच. सपाट प्लेटवर तो साचून पुन्हा थिजायचा.

दुसऱ्या महायुद्धात जहाजे रिव्हेटऐवजी वेल्डिंगने बांधली जाऊ लागली. एकट्या लिबर्टी वर्गातली जहाजेच सत्तावीसशेहून अधिक. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच जवळजवळ दुभंगले. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा प्लेटच्या कडेशी थांबे; वेल्ड केलेल्या सलग कवचात त्याला अडवणारे काही नसे. सदोष जोड मुळापासून काढण्याची गरज तेव्हा सगळ्यांना पटली. साधने मात्र तोकडी होती. हवेवर चालणारी छिन्नी फार संथ होती आणि गॅस कटिंग स्टेनलेस स्टीलपुढे हात टेकत होते.

अमेरिकी नौदलातले वेल्डिंग अभियंता मायरन स्टेपॅथ यांच्यासमोर नेमके असेच काम आले: स्टेनलेसचा तडकलेला, शेकडो फूट लांबीचा जोड काढायचा. रस गळण्याची वाट पाहण्यापेक्षा तो दाबाच्या हवेने उडवून द्यावा, हे त्यांना सुचले. १९४८मध्ये या पद्धतीची पहिली टॉर्च बाजारात आली. धातू जाळायचा नसून वितळवून फुंकायचा असल्याने स्टेनलेस, बीड आणि तांब्याचे मिश्रधातूही तिच्या आवाक्यात आले.

मूळ रीत आजही तीच आहे. तांब्याचा मुलामा दिलेली कार्बनची कांडी टॉर्चच्या जबड्यात धरायची, हवा आधी सोडायची आणि मग आर्क पेटवायचा. हवेचा दाब साधारण ८० ते १०० पीएसआय. झोत कांडीच्या मागून, आर्कच्या बुडाशी लागला पाहिजे. हात सावकाश चालला तर खाच खोल पडते, झपाट्याने चालला तर उथळ. खाचेची रुंदी कांडीच्या जाडीहून थोडी जास्त भरते. जाणकार कारागीर खाच पाहूनच काम ओळखतो. स्वच्छ, चकचकीत खाच म्हणजे काम ठीक. काळा डाग दिसला तर कार्बन धातूत शिरल्याची शंका घ्यायची. तो ग्राइंडरने काढला नाही तर तिथला थर कडक होतो आणि पुढचा वेल्ड तडकू शकतो.

आपल्याकडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्येही ‘बॅक गॉजिंग’ हा रोजच्या कामातला शब्द आहे. जाड प्लेटचा जोड एका बाजूने भरायचा, दुसऱ्या बाजूने मुळापर्यंत कोरून निर्दोष धातू उघडा करायचा आणि मगच ती बाजू भरायची. बॉयलर, प्रेशर व्हेसल आणि जहाजांच्या जाड जोडांचा भरवसा या कोरण्यावर असतो.

या पद्धतीची किंमत मात्र कामगाराच्या शरीराने चुकवली आहे. आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो, धूर दाट असतो आणि तप्त ठिणग्या दूरवर उडतात. आज आवाज आणि धूर कमी करणारे प्लाझ्मा गॉजिंग उपलब्ध आहे, पण साधी, स्वस्त आणि कुठेही नेता येणारी म्हणून कार्बनची कांडी टिकून आहे. ती टिकावीही. पण ज्याच्या हातात ती देतो, त्या माणसाला कानांसाठी प्लग, धूर खेचणारा पंखा आणि श्वासासाठी योग्य मास्क देणे ही मेहेरबानी नव्हे. कामाच्या खर्चात या वस्तू पहिल्या ओळीत लिहा.