धक्क्यांची नोंद आहे, गाण्यांची कुठे आहे?

कोयनानगर परिसरात जमीन जराशी थरथरली तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. धक्का किती रिश्टर स्केलचा, किती वाजून किती मिनिटांनी, केंद्रबिंदू कोयनानगरपासून किती किलोमीटरवर, खोली किती. मांडणीवरचे भांडेसुद्धा हलू नये इतका लहान धक्का असतो, पण त्याची नोंद होते. आम्हा पाटण तालुक्यातील लोकांच्या हे अंगवळणी पडले आहे. म्हणूनच एक प्रश्न मला गेली काही वर्षे सतावतो आहे. जिथे जमिनीच्या पोटातली बारीकशी हालचाल टिपली जाते, तिथेच आमच्या माणसांनी रचलेल्या गाण्यांची आणि भिंतींवर रंगवलेल्या अक्षरांची नोंद कुठे आहे?

११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट इथल्या जुन्या माणसांना अजून आठवते. ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले डोंगर पोखरल्याचे पाप. शास्त्रज्ञांनी मात्र कारण शोधले. धरणात साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यामुळे आधीच ताणलेला खडक सरकतो. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपाचे कोयना हे जगातले सर्वात ठळक उदाहरण ठरले आणि डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्याच्या अभ्यासात हयात घालवली. पुढे गोठणे येथे बेसॉल्टचा थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत ३ किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले, ते २०१७ साली पूर्ण झाले. कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी आहे. कारणाशिवाय काही घडत नाही, हे आम्हा बौद्धांना कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. पण कारण शोधायचे तर आधी नोंद लागते. नोंदच नसेल तर देवीचा कोपच खरा ठरतो.

आता गाण्यांकडे येतो. नद्या आणि वीज यांचा विचार या देशात पद्धतशीरपणे ज्यांनी केला, त्यांत १९४२ ते १९४६ या काळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्या काळातली. कोयना प्रकल्प नंतरचा. पण या धरणावर, बोगद्यांत, पोफळीच्या भूमिगत वीजगृहाच्या खोदाईत जे मजूर राबले त्यांत आपलीही माणसे होती, असे आमच्या वस्त्यांतले वडीलधारी सांगतात. दिवसभर दगड फोडणारा हात रात्री ढोलकीवर पडायचा. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कोणाच्या लग्नात, कोणाच्या पुण्यानुमोदनाला. त्यांना कोणी कलावंत म्हटले नाही, आकाशवाणीने बोलावले नाही. ‘पर्यायी संगीत’ हा शब्द हल्ली इंग्रजी शिकलेल्या मुलांकडून ऐकतो. गाणे बाजारात विकण्यासाठी नव्हे तर सांगण्यासाठी रचायचे, असा त्याचा अर्थ असेल तर भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापासून आपण तेच करत आलो आहोत.

या भागातला असाच एक शाहीर १९९१ साली वारला. नाव देत नाही, कारण प्रकरण चालू आहे. गेल्या वर्षी त्याची सून माझ्याकडे आली. मोबाईल पुढे करून म्हणाली, “वकीलसाहेब, जयभीम. ह्ये गाणं ऐका. आमच्या मामंजींचं हाय. पण नाव कुणाचंच न्हाई.” मी ऐकले. नवे वाद्यवृंद, ठसकेबाज चाल, लाखो लोकांनी पाहिलेले. खाली लिहिले होते: गीत – पारंपरिक.

पारंपरिक! हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो. पण त्याचा अर्थ एवढाच की या गाण्याला बाप नाही. ओवीला, भलरीला हा शब्द लागू पडेल, तिथे पिढ्यापिढ्यांनी रचना केली. इथे तर रचणारा माणूस काल-परवापर्यंत आमच्यात होता, त्याच्या हाताला पडलेले घट्टे पाहिलेली माणसे जिवंत आहेत. आणि गंमत अशी की त्याने आपले नाव गाण्यातच घातले होते. आपल्या शाहिरांची ती रीतच आहे. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा यायची. वामनदादा कर्डकांचे गाणे कोणाचे हे कोणाला विचारावे लागत नाही, ‘वामन’ शेवटी येतोच. ज्या माणसाकडे छापखाना नव्हता, प्रकाशक नव्हता, त्याने नाव जपण्याची ही युक्ती शोधली होती. पण आता तीस सेकंदांच्या व्हिडिओचा जमाना आहे. पहिले कडवे आणि धृपद घेतले की काम भागते. शेवटचे कडवे कापले जाते आणि त्याच्याबरोबर शाहीरही. यात कोणाचे कटकारस्थान नसेलही. पण परिणाम तोच.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत लिहिले त्या क्षणी हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर तो ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९९१ साली वारलेल्या शाहिराचा हक्क २०५१ अखेरपर्यंत वारसांकडे आहे. कलम ५७ तर त्याहून महत्त्वाचे, हक्क विकला तरी ‘ही कृती माझी’ म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडे राहतो. पूर्वी मात्र हा दावा वारसांना करता येत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. त्याच दुरुस्तीने गायक-वादकांनाही आपले नाव लागण्याचा हक्क दिला आणि गीतकारांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण दिले. आपल्या किती गायक मंडळींना हे माहीत आहे? जयंतीच्या सुपारीपलीकडे आपला काही हक्क आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

पण कायदा पुरावा मागतो. नोटीस पाठवताना मी सुनेला विचारले, वही आहे का? होती. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत. नवजा, कोयना, महाबळेश्वर यांच्या पावसाचे आकडे आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो, त्या पावसात कागदाचे काय होते ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगून कळणार नाही. अर्ध्या पानांची शाई उतरलेली, काही पाने एकमेकांना चिकटलेली.

कोणी म्हणेल, एवढे जुने कशाला उकरता, नवी पिढी तर रॅप करते आहे. करू द्या. माझ्या वयाच्या माणसांना तो गोंगाट वाटतो, वाटू द्या. माझा भाचा पुण्यात शिकतो, तो मला चेन्नईच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ची गाणी ऐकवतो. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला तो चमू जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा मंचावर आला आणि चेन्नईच्या झोपडपट्टीतल्या, मयताला वाजणाऱ्या गाना संगीताला त्याने सन्मानाने उभे केले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ साली काळ्या मुलांच्या घरगुती कार्यक्रमातून हिप-हॉप जन्मले असे मानतात. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर जन्माला आली होती. तिकडे रेल्वेच्या डब्यांवर रंग फवारून मुले आपली नावे लिहीत होती, इकडे पँथरच्या छावण्यांचे फलक आणि भिंतीवरच्या घोषणा लागत होत्या. फरक एवढाच की न्यूयॉर्कच्या त्या डब्यांची छायाचित्रे निघाली, पुस्तके झाली, आज संग्रहालये त्यावर प्रदर्शने भरवतात.

आणि आपल्या भिंती? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या किती भिंतींवर ‘नामांतर झालेच पाहिजे’ लिहिले गेले असेल? गेरूने, चुन्याने, निळीने. ते लिहिताना मुलांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. आज त्यांची किती छायाचित्रे आपल्याकडे आहेत? २०१७ साली मुंबईच्या ससून डॉकमध्ये कलावंतांनी भिंती रंगवल्या, तेव्हा त्याला रस्त्यावरची कला म्हणून दाद मिळाली, ती वाईट नव्हतीच. पण समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत रंगवणारा आमचा पेंटर मात्र पेंटरच राहतो. तीन वर्षांनी रंगरंगोटी होते आणि त्याचे काम चुन्याखाली जाते. वामनदादांना प्रौढपणी अक्षरओळख झाली आणि दुकानांच्या पाट्या वाचत त्यांचे वाचन पक्के झाले असे सांगितले जाते. पाटी आणि भिंत ही आपली पहिली शाळा आहे, हे विसरू नये. (जाता जाता: मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून लागू आहे. भिंत रंगवण्यापूर्वी मालकाची लेखी परवानगी घ्या, नंतर माझ्याकडे धावत येऊ नका.)

इंटरनेट आल्यावर वाटले होते की आता नोंदीचा प्रश्न सुटला. खरेच, इंटरनेटने आपल्याला खूप दिले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला पाठ फिरवली, पण एसएमएस आणि ई-मेलवरून बातमी गावोगाव पोचली. पण जे पसरते ते टिकतेच असे नाही. ऑर्कुटवर आपल्या मुलांचे किती गट होते, किती वादचर्चा होत्या! ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले, सगळे गेले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. सीमेच्या राजकारणात जे व्हायचे ते झाले, पण खेड्यातल्या मुलामुलींनी भीमगीतांवर केलेले हजारो व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. परक्याच्या माळ्यावर ठेवलेली पेटी ती परक्याचीच. पत्र्याच्या पेटीत निदान शाई उतरते, कागद तरी राहतो.

आणि हे गाणे किती महाग पडू शकते, तेही आठवा. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन ठार मारण्यात आले. काही सेकंदांची रिंगटोन. ज्या गाण्यासाठी पोराचा जीव जातो, ते कोणी लिहिले, कोणी चाल लावली, हे आपल्यालाच सांगता येत नसेल तर त्या गाण्याचे आपण काय केले? आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटासाठी १४ वर्षे खर्ची घातली. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर जीव देणाऱ्या शाहीर विलास घोगरेंचा आवाज त्यामुळे राहिला. पण दर शाहिरामागे असा एक चित्रपट निघणार आहे काय?

फार मोठा खर्च लागत नाही. भूकंपमापन केंद्रातली नोंद पाहा, तीत अलंकार नसतो. वेळ, ठिकाण, तीव्रता, खोली. तशीच गाण्याची नोंद हवी: कोणी रचले, कुठे, कधी, कोण गात असे, कोणाकडून ऐकले. शेवटच्या कडव्यासह. आणि ती एकाच मोबाईलमध्ये नको, विहाराच्या कपाटात एक प्रत हवी, तालुक्याच्या वाचनालयात एक, परगावच्या नातेवाइकाकडे एक. मूर्तीच्या, कमानीच्या वर्गणीतून यासाठी शंभराला दोन रुपये काढले तरी पुरेल. कमानीवरून गावोगाव भांडणे होतात, वहीवरून अजून झालेले ऐकले नाही.

आम्ही सुरुवात केली आहे. दर दुसऱ्या रविवारी विहारात चार-पाच मुले बसतात, चिकटलेली पाने हलक्या हाताने सोडवतात, छायाचित्रे काढतात. जे वाचता येत नाही ते सूनबाई गाऊन दाखवतात, एक मुलगी रेकॉर्ड करते. नोटिशीला वाहिनीचे उत्तर अजून आलेले नाही. आतापर्यंत ६३ गाणी निघाली, त्यांतल्या चारांवरच तारीख आहे. त्यातले एक भूकंपानंतर आठ दिवसांनी, १९ डिसेंबर १९६७ ला लिहिलेले. त्यात चालीचा फारसा विचार नाही. वस्तीत कोणाकोणाची घरे पडली, कोण ढिगाऱ्याखाली सापडले, कोणाचे मूल वाचले, त्यांची नावे एकापाठोपाठ एक घातली आहेत. सतरा नावे वाचता आली. खालची तीन पुसली आहेत, त्या घरांतली माणसे पुनर्वसनात दुसऱ्या जिल्ह्यांत गेली, त्यांचा शोध चालू आहे.