फळांच्या रसातले शिसे

खोक्यात किंवा बाटलीत मिळणाऱ्या फळांच्या रसात जे जड धातू आढळतात, त्यांत शिसे, आर्सेनिक आणि कॅडमियम यांची चिंता सर्वांत जास्त आहे. हे धातू कोणी मुद्दाम घालत नाही. काही जमिनीतून झाडाच्या मुळांवाटे फळात येतात, काही फळाला चिकटलेल्या मातीतून येतात आणि उरलेले कारखान्यात मिसळतात. रस तापवल्याने जंतू मरतात, धातू मात्र जसेच्या तसे राहतात. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते.

जमिनीतल्या धातूंना पुष्कळदा जुना इतिहास असतो. सफरचंद आतून पोखरणाऱ्या अळीवर उपाय म्हणून अमेरिकेतील बागांमध्ये १८९० च्या दशकापासून लेड आर्सेनेट फवारले जात असे. नावाप्रमाणेच त्यात शिसे आणि आर्सेनिक दोन्ही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आल्यावर त्याचा वापर घटला आणि १९८८ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. पण शिसे कुजत नाही, विरत नाही. मातीच्या वरच्या थरात ते अनेक दशके टिकून राहते. खाली पडलेली, मातीने माखलेली फळे नीट न धुता रसासाठी वापरली, तर ही माती घाण्यात जाते.

कारखान्यातही वाटा कमी नाहीत. बाजारातला पुष्कळसा रस हा आटवलेल्या दाट रसात पुन्हा पाणी घालून तयार होतो. म्हणजे ग्लासातले बहुतेक पाणी फळातले नसून कारखान्याच्या नळाचे असते. रस नितळ दिसावा म्हणून तो सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांपासून बनलेल्या पांढऱ्या मातीतून गाळतात. डायटोमेशियस अर्थ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मातीतूनही रसात आर्सेनिक उतरू शकते. अशी माती निवडताना कारखान्याने काळजी घेतली, तर रसातले आर्सेनिक कमी होते. पूर्वी डब्यांच्या जोडाला शिशाचे डाख दिलेले असे. अमेरिकेत १९९५ मध्ये त्याला कायद्याने मनाई झाली.

आर्सेनिकचा प्रश्न २०११ मध्ये अमेरिकेत गाजला. एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाने सफरचंदाच्या रसात आर्सेनिक असल्याचे सांगितले आणि पालक हादरले. त्या चाचणीत एकूण आर्सेनिक मोजले होते, असा आक्षेप तेथील अन्न व औषध प्रशासनाने घेतला. आक्षेपात तथ्य होते, कारण सेंद्रिय आणि असेंद्रिय आर्सेनिक सारखेच घातक नसते. कर्करोगाचा धोका प्रामुख्याने असेंद्रिय आर्सेनिकपासून असतो. तरीही रसात असेंद्रिय आर्सेनिक असतेच. प्रशासनाने जुलै २०१३ मध्ये सफरचंदाच्या रसासाठी दर लिटरमागे १० मायक्रोग्रॅम या मर्यादेचा मसुदा काढला आणि तो अंतिम व्हायला जून २०२३ उजाडला. रस पिणारी तान्ही मुले तोवर दहा वर्षांनी मोठी झाली होती. मुलांच्या आरोग्याच्या बाबतीत इतकी दिरंगाई समर्थनीय नाही.

शिशाचे गणित अधिक बोलके आहे. अमेरिकेत रसातल्या शिशाची जुनी मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम होती. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात बहुतेक रसांसाठी ती सुमारे ३० आहे. एप्रिल २०२२ च्या अमेरिकी मसुद्यात सफरचंदाच्या रसासाठी १०, इतर रसांसाठी २० सुचवले गेले. मुलाच्या पोटात दिवसभरात सर्व अन्नातून मिळून २.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे जाऊ नये, असा तेथील प्रशासनाचा संदर्भ आकडा आहे. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या रसाच्या २०० मिलिलिटरच्या एका ग्लासातून २ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. म्हणजे नियमात बसणारा रससुद्धा दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा संपवतो.

लहान मुलांची काळजी जास्त का, याचे कारण शरीरात आहे. प्रौढांचे आतडे पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषते, लहान मुलांचे निम्म्यापर्यंत. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होऊन बुद्ध्यांक आणि एकाग्रता घटते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असे म्हणता येत नाही, या निष्कर्षावर आल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये जुनी साप्ताहिक मर्यादा मागे घेतली. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहते.

अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१९ मध्ये ४५ रस तपासले. त्यांपैकी २१ रसांमध्ये यातल्या एखाद्या धातूचे किंवा एकूण धातूंचे प्रमाण चिंताजनक निघाले. द्राक्षाच्या रसात आणि मिश्र रसांत ते सरासरीने अधिक होते. ‘ऑरगॅनिक’ असे छापलेले रसही त्यात वेगळे ठरले नाहीत.

यातले काहीही ग्राहकाला चवीवरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही. वेष्टनावर साखर आणि जीवनसत्त्वांचे आकडे असतात, शिशाचे नसतात. तपासणीची जबाबदारी उत्पादक आणि सरकारची आहे. घरात मात्र प्रमाण आवरता येते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या शिफारशीनुसार वर्षाच्या आतील बाळाला रस देऊ नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये. मुलांना तहान लागली की पाणी द्यावे, आणि फळ द्यायचे तर ते धुऊन, चिरून, रस न काढता खायला द्यावे.